आहे, पण चालतंय का?

वॉर्डातलं डेड स्टॉक रजिस्टर ज्यांनी पाहिलं नाही त्यांना ते समजावून सांगणं अवघड आहे. लाल कापडी बांधणीचं, कोपरे झिजलेलं, तलाठ्याच्या दप्तरात शोभावं असं बाड. त्यात खाटा, लॉकर, सलाईनचे स्टँड, किडनी ट्रे, आर्टरी फोर्सेप्स, बेडपॅन, भिंतीवरचं घड्याळ, ऑक्सिजनची चावी असं सगळं एकाखाली एक, आणि समोर संख्या. इन्चार्ज सिस्टर बदलली की जुनीने नवीला चार्ज द्यायचा, म्हणजे दोघींनी मिळून दोन-तीन दिवस हे सगळं मोजायचं. कमी भरेल त्याचा जबाब जुनीने द्यायचा आणि जबाब पटला नाही तर वसुली पगारातून. मी १९८०च्या दशकात जिल्हा रुग्णालयात रुजू झाले तेव्हा निवृत्तीला आलेल्या सिस्टर आजारपणाला घाबरत नसत तेवढ्या या चार्ज देण्याला घाबरत. एकीने हरवलेल्या कात्र्या बाजारातून स्वतःच्या पैशाने आणून ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत.

हे एवढं सांगण्याचं कारण असं, की ‘नर्सेस उपकरणांची तपासणी नीट करतात का’ हा प्रश्न आता प्रत्येक दुर्घटनेनंतर विचारला जातो, आणि त्याचं उत्तर मला या बाडात दिसतं. नर्सकडे तपासणीचं काम आलं ते कोठी सांभाळणाऱ्या बाईचं काम म्हणून. वस्तू जागेवर आहे की नाही, एवढंच तिला विचारलं जाई. ती चालते की नाही हा प्रश्न फार उशिरा आला. आणि आला तेव्हा त्याच्यासोबत नवा माणूस आला नाही, नवं शिक्षण आलं नाही. जुन्या वहीत एक रकाना वाढला.

कोठीची ही परंपरा फ्लॉरेन्स नाइटिंगेलपर्यंत मागे जाते. तिला आपण दिवा घेतलेली बाई म्हणून ओळखतो. ती खरी होती व्यवस्थापक. १८५९च्या तिच्या नर्सिंगवरच्या छोट्या पुस्तकात किरकोळ व्यवस्थेवर एक अख्खं प्रकरण आहे. मी हजर असताना जे होतं ते मी नसतानाही कसं होईल, हा त्याचा गाभा. पुढच्याच वर्षी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाची शाळा निघाली आणि तिथून घडलेली वॉर्ड सिस्टर ही मोठ्या घरातल्या कारभारणीच्या नमुन्यावर घडलेली होती. चादरी, भांडी, किल्ल्या, हाताखालची माणसं हे तिचं राज्य. मुंबईत जे. जे. होतंच, १८८६ला कामा सुरू झालं, आणि साहेबाच्या देशातल्या मेट्रनबाईंबरोबर हा नमुना आपल्याकडे आला. मेट्रनचं नाव पुढे अधिसेविका झालं, सिस्टरचं परिसेविका झालं, पण कमरेची किल्ली तीच राहिली.

तरीही त्या काळच्या नर्सला तपासणी येत नव्हती असं म्हणणं अन्यायाचं होईल. उलट, हाताने तपासण्यात ती आमच्यापेक्षा पक्की होती. काचेची सिरिंज घ्या. नळी आणि दट्ट्या यांवर कोरलेला नंबर जुळला पाहिजे, नाहीतर औषध मागून गळतं. बोटाने तोंड बंद करून दट्ट्या ओढायचा आणि सोडायचा. तो आपोआप मागे गेला तर सिरिंज चांगली. सुई उकळण्याआधी तिचं टोक कापसावरून ओढून पाहायचं. तंतू अडकला की टोक वळलेलं आहे, मग बारीक दगडावर घासून सरळ करायचं. रबरी कॅथेटर ताणून उजेडात धरायचा, भेगा दिसतात का पाहायला. गरम पाण्याची पिशवी भरून उलटी करायची. थर्मामीटर झटकून पारा खाली उतरलाय ना, हे पाहिल्याशिवाय तो रोग्याच्या तोंडात जात नसे. हा थर्मामीटर तरी कधीचा? १८६०च्या दशकात क्लिफर्ड ऑलबट या इंग्रज डॉक्टरने तो वीतभर लांबीचा केला, तोवर तो हातभर लांब असे आणि नर्सच्या खिशात मावण्याचा प्रश्नच नव्हता.

यातली कुठलीही तपासणी कोणी रजिस्टरात लिहीत नव्हतं. लिहायची गरज नव्हती, कारण ती सुई पुढच्या पाच मिनिटांत तीच नर्स वापरणार होती, आणि बोथट निघाली तर शिव्या तिलाच बसणार होत्या. वापरणारा आणि तपासणारा एकच हात. लिहिली जायची ती फक्त संख्या: सिरिंज बारा, फुटल्या दोन, शिल्लक दहा.

वॉर्डात आलेलं पहिलं खरं यंत्र म्हणजे ऑक्सिजनचं सिलिंडर. आपल्याकडे काळं अंग आणि पांढरे खांदे ही त्याची ओळख. नायट्रस ऑक्साईडचं निळं. नुसत्या रंगावर भागत नाही, हे जगाला अनेक जीव गमावून कळलं. मग १९५२च्या सुमारास लहान सिलिंडरांसाठी पिन इंडेक्स पद्धत आली. सिलिंडरच्या तोंडाशी भोकं, यंत्राच्या जोखडाला पिना. ऑक्सिजनच्या २ आणि ५ क्रमांकाच्या जागी, नायट्रसच्या ३ आणि ५ च्या. चुकीचं सिलिंडर बसतच नाही. माणसाच्या नजरेवर अवलंबून राहायचं नाही, असा विचार करणाऱ्या त्या माणसांबद्दल मला फार आदर आहे. अर्थात पिन घासून काढणारा कारागीरही आपल्याकडे सापडतोच.

सिलिंडरची तपासणी आम्हाला वॉर्डबॉय मामांनी शिकवली, पुस्तकाने नव्हे. जोडण्याआधी झडप क्षणभर उघडून फुस्स करायचं, तोंडाशी बसलेली धूळ उडून जाते. तेलकट हात लावायचा नाही. अंगावर चावीने टकटक केली की भरलेलं आणि रिकामं यांचा आवाज वेगळा लागतो. पण सगळ्यांत महत्त्वाची होती ती काट्यावरची संख्या वाचून करायचा हिशेब. मोठं जम्बो सिलिंडर सात घनमीटरचं, म्हणजे सात हजार लिटर. मिनिटाला दहा लिटर सोडलं तर साडेअकरा तासांच्या आसपास पुरतं. आमची नाईट बारा तासांची. म्हणजे संध्याकाळी आठला जोडलेलं भरलेलं सिलिंडरसुद्धा सकाळी आठपर्यंत टिकत नाही, आणि अर्ध्यावर काटा असलेलं मध्यरात्रीनंतर दोनलाच संपतं. दिवसपाळीच्या सिस्टरने ओव्हर देताना ‘ऑक्सिजन आहे’ असं म्हटलं तर ते खरंच असायचं. सिलिंडर कोपऱ्यात उभं असायचं ना! किती तासांचं आहे, ते मात्र विचारणारीला विचारावं लागे. माझ्या पहिल्या इन्चार्ज सिस्टर हा आकडा वदवून घेतल्याशिवाय दिवसपाळीच्या पोरींना घरी सोडत नसत. आम्ही त्यांना पाठीमागे ‘गणिताच्या बाई’ म्हणत असू.

१९६० नंतर गोष्ट बदलली. त्या वर्षी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या कोवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी छाती न उघडता, बाहेरून दाब देऊन थांबलेलं हृदय चालू ठेवता येतं हे प्रसिद्ध केलं. आता मेलेला माणूस चार-पाच मिनिटांत परत आणता येण्याची शक्यता निर्माण झाली, आणि त्या चार-पाच मिनिटांत लागणारं सगळं हाताशी हवं झालं. कॅन्सस सिटीच्या बेथनी रुग्णालयात डॉ. ह्यूज डे यांनी १९६२च्या सुमारास चाकांची गाडी तयार करवली: शॉक द्यायचं यंत्र म्हणजे डिफिब्रिलेटर, श्वासाची पिशवी म्हणजे ॲम्बू बॅग, औषधं, लॅरिंगोस्कोप, सगळं एका जागी. आपल्याकडची क्रॅश ट्रॉली म्हणजे तिचीच नात.

या ट्रॉलीने नर्सच्या कामाचा स्वभावच पालटला. सुई ती रोज वापरत होती. ट्रॉलीवरचं डिफिब्रिलेटर कधीकधी महिनोन्महिने कोणी हात लावत नाही, आणि लावतात तेव्हा ते त्याच सेकंदाला चाललं पाहिजे. जे आपण वापरणार नाही, जे बहुधा दुसरीच्या पाळीत लागेल, जे वापरण्याचा अधिकारही कित्येकदा आपल्याला नाही, ते आपण रोज तपासायचं. माणसाच्या मनाला हे जमत नाही, असं मला वाटतं. यात नर्स, पायलट, वीज मंडळाचा वायरमन सगळे सारखे.

फिलाडेल्फियाच्या डॉ. जोएल नोबेल यांना हे फार लवकर उमगलं. डिफिब्रिलेटर चाललं नाही म्हणून एक लहान मूल दगावलं, तेव्हा ते तरुण डॉक्टर होते. त्यांनी बाजारातली डिफिब्रिलेटरं गोळा करून स्वतः तपासली, आणि कंपन्यांनी नवी म्हणून विकलेली काही यंत्रंच सदोष निघाली. नर्सने बिचारीने काय तपासायचं! त्यातून १९६८ला त्यांची ‘एक्री’ ही संस्था उभी राहिली. ती आजही वैद्यकीय उपकरणांची स्वतंत्र परीक्षा करते. पुढे मार्च १९७१ मध्ये राल्फ नेडर यांनी बायकांच्या एका मासिकात लिहिलं, की अमेरिकी रुग्णालयांत वर्षाला निदान १,२०० माणसं विजेच्या धक्क्याने मरतात आणि ते लपवलं जातं. त्या आकड्याला भक्कम पुरावा कधी सापडला नाही. पण देश हादरला, आणि प्रत्येक यंत्रातून किती वीज गळते ते मोजणारी माणसं रुग्णालयांत नेमली जाऊ लागली. क्लिनिकल इंजिनीअर हा पेशा तिथे खऱ्या अर्थाने रुजला तो याच भीतीतून.

आपल्याकडे यंत्रं आली, हा माणूस आला नाही. मधली जागा सिस्टरने भरून काढायची असं ठरलं. खरं तर कोणी ठरवलंही नाही, तसं झालं. ईसीजी मशीन, सक्शन, बेबी वॉर्मर, मॉनिटर, एकेक करून डेड स्टॉकला चढत गेलं. कंपनीचा माणूस एकदा येऊन दहा मिनिटं बटणं दाखवून जाई, तीही त्या दिवशी ड्युटीवर असतील त्यांनाच. इंग्रजी पुस्तिका कपाटात कुलूपबंद, कारण तीही रजिस्टरात नोंदलेली.

कुलपाचं हे प्रकरण जरा विस्ताराने सांगायला हवं. मी काम केलेल्या एका ठिकाणी क्रॅश ट्रॉलीला साखळी आणि कुलूप होतं आणि किल्ली इन्चार्ज सिस्टरच्या पर्समध्ये. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटेल. पण त्या सिस्टरला विचारा. लहान मुलांच्या लॅरिंगोस्कोपच्या दांड्यात दोन पेन्सिल सेल लागतात. भिंतीवरच्या घड्याळालाही पेन्सिल सेलच लागतो. घड्याळ बंद पडलं की सगळ्यांना दिसतं. लॅरिंगोस्कोप बंद पडलेला कोणालाच दिसत नाही. मग सेल कुठून कुठे जाणार ते उघड आहे. शिवाय शेजारच्या वॉर्डातून ‘सिस्टर, जरा ॲम्बू बॅग द्या ना, आणून देते’ म्हणून नेलेली बॅग परत येताना तिची झडप गायब. चार्ज देताना वसुली हिच्याकडून. तेव्हा तिने लावलं कुलूप. मोजणीच्या शिस्तीने वस्तू वाचली आणि वेळेला मिळण्याची शक्यता मेली. पुढे नंबर घातलेली प्लास्टिकची सील आली. हाताने ओढली की तुटते आणि तुटलेली सगळ्यांना दिसते. चार आण्याची वस्तू, पण ती येण्याआधी किती ट्रॉल्या किल्लीसाठी थांबल्या असतील याचा विचार मी टाळते.

आणि टिकमार्क? हो, खोटे टिकमार्क होतात. महिन्याचा तक्ता एका बैठकीत, एकाच शाईने, एकाच तिरक्या हाताने भरलेला मी अनेकदा पाहिला आहे. फेब्रुवारीच्या तक्त्यात ३० तारखेलाही सगळं ‘ठीक’ असल्याचं पाहिलं आहे. यात आळस नाही असं मी म्हणणार नाही. चाळीस रोग्यांमागे दोन सिस्टर हे कारण खरं आहे, आणि ते कारण सांगून बसून राहणाऱ्याही खऱ्या आहेत. पण दुसरंही पाहिलं आहे. सक्शन ओढत नाही असं रोज लिहिणारी मुलगी. पहिल्या आठवड्यात तिने लाल शाईने लिहिलं, इंडेंट केलं, स्मरणपत्र दिलं. स्टोअरवाला म्हणाला, ‘मॅडम, मशीन कंडेम झाल्याशिवाय नवीन कसं मागणार? आणि कंडेम कमिटी बसली पाहिजे ना.’ कमिटी बसली नाही. महिनाभराने त्या मुलीनेही बरोबरची खूण करायला सुरुवात केली. ‘वस्तू आहे’ या अर्थाने ती खोटीही नव्हती.

आकड्यांत बघायचं तर, केंद्र सरकारच्या आरोग्य अभियानाने साधारण २०१५च्या सुमारास देशभरातल्या सरकारी यंत्रांची मोजदाद केली. २९ राज्यांतल्या २९,११५ आरोग्य संस्थांत ७,५६,७५० उपकरणं सापडली, किंमत सुमारे ४,५६४ कोटी. आणि वेगवेगळ्या राज्यांत त्यांतली १३ ते ३४ टक्के बंद होती. ही सगळी यंत्रं कोणा ना कोणा सिस्टरच्या रजिस्टरात ‘आहे’ होती. यानंतर देखभालीची कंत्राटं निघाली, यंत्रांवर बारकोडचे स्टिकर चिकटले, तक्रारीचा फोन नंबर आला. फोन केल्यावर माणूस येतो असं दिसलं, तिथे सिस्टरांनी फोन केले. माणूस वेळेवर येईना तिथे स्टिकर पिवळे पडले.

डॉक्टर तपासणी चांगली करतात असा समज असेल तर तोही काढून टाकावा. बोस्टनच्या जेफ्री कूपर या इंजिनीअरने १९७८ला भूल देतानाच्या टाळता येण्यासारख्या ३५९ घटना अभ्यासल्या. ८२ टक्क्यांत माणसाची चूक होती, यंत्र उघडपणे बिघडल्याच्या घटना फक्त १४ टक्के. मग अमेरिकेत भूलतज्ज्ञांच्या एका मेळाव्यात एका यंत्रात मुद्दाम पाच दोष करून ठेवले आणि १९० जणांना ते शोधायला सांगितलं; निकाल १९८४ला छापून आले. सरासरी दोनाच्या थोडे वर सापडले. पाचही सापडले ते ३.४ टक्के लोकांना, आणि सातेक टक्क्यांना एकही नाही. ही सगळी माणसं त्याच यंत्राच्या भरवशावर पोट भरणारी, आणि परीक्षा चालू आहे हे माहीत असलेली. १९८६ला तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने भूलयंत्राच्या तपासणीची यादी काढली, ती इतकी लांबलचक की १९९३ला छाटावी लागली.

२०२१ साल महाराष्ट्रातली नर्स विसरणार नाही. ९ जानेवारीला भंडाऱ्यात नवजात बालकांच्या कक्षात आग लागून दहा बाळं गेली. २१ एप्रिलला नाशिकमध्ये ऑक्सिजनची टाकी गळून पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक रोगी गेले. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या अतिदक्षता विभागात आग लागली, अकरा जण गेले. भंडाऱ्यात आणि नगरमध्ये परिचारिकांवर गुन्हे दाखल झाले, नगरमध्ये अटका झाल्या, आणि राज्यभर परिचारिका काळ्या फिती लावून बाहेर पडल्या. न्यायालयात जे व्हायचं ते होईल. रोग्याला सोडून कोणी गेलं असेल तर त्याची जबाबदारी आहेच. पण मला त्या दिवसांत टीव्हीवरच्या चर्चा ऐकताना सारखं वाटे, की भिंतीतली वायर, एसीचा भार, आगीचं ऑडिट, टाकीचा व्हॉल्व्ह यांतलं काय तपासायला आम्हाला कधी शिकवलं होतं? वॉर्मरवर बाळाच्या त्वचेचं तापमान किती दाखवतंय ते आम्ही तासातासाला लिहितो. त्याच्या प्लगला हात लावून तो तापलाय का हे पाहायला शहाण्या सिस्टर आपल्या अकलेने शिकल्या.

जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची सुरक्षा यादी २००८ला आली तेव्हा आमच्याकडेही ती लॅमिनेट करून ऑपरेशन थिएटरात लावली. ती तयार करणाऱ्या गटाचे प्रमुख अतुल गावंडे. त्यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातले, म्हणून आमच्या विदर्भातल्या मैत्रिणींना त्या यादीचा विशेष अभिमान. गावंडे ही कल्पना विमानांवरून घेतात. १९३५ला बोइंगचं एक नवं बॉम्बर विमान उडता उडता कोसळलं, कारण शेपटीकडचं एक कुलूप काढायचं राहिलं होतं. त्यानंतर वैमानिकांनी यादी केली. शस्त्रक्रियेच्या यादीचे आठ शहरांतले निकाल जानेवारी २००९ला आले, त्यांत दिल्लीही होती: मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८वर. पण २०१४ला कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास आला. तिथे यादी वरून हुकूम आल्यामुळे सुरू झालेली. रुग्णालयांनी कळवलेलं पालन जवळजवळ पूर्ण, आणि मृत्युदरात म्हणण्यासारखा फरक नाही. आमच्या फेब्रुवारीच्या तीस तारखेची ती श्रीमंत देशातली आवृत्ती, असं मी मैत्रिणीला म्हटलं तेव्हा ती खूप हसली.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझ्या वॉर्डापुरता मी तक्ता बदलून घेतला होता. खुणा बंद. प्रत्येक रकान्यात आकडा किंवा कागद हवा. सिलिंडर: काट्यावर किती आणि मिनिटाला दहाने किती तास. सक्शन: नळी मुडपून काटा किती वर जातो. ॲम्बू बॅगचं तोंड तळहाताने बंद करून दाबायची, हवा कुठून निसटली तर तसं लिहायचं. डिफिब्रिलेटर प्लग काढून, बॅटरीवर, कमी ज्यूलचा टेस्ट शॉक. निघालेली पट्टी त्या तारखेखाली चिकटवायची. आकडा न पाहता लिहिणं अशक्य नाही, पण खोटा आकडा सुचायला खूण करण्यापेक्षा जास्त डोकं लागतं, आणि पट्टी तर सुचवताच येत नाही. पोरी आधी कुरकुरल्या. मग दोनदा बॅटरी उतरलेली वेळेत सापडली, तेव्हा गप्प झाल्या.

मूल्यांकनासाठी बाहेरून टीम आली, तेव्हा त्यातल्या एका तरुण साहेबांनी वही उलटसुलट चाळली. ‘सिस्टर, यात रोजची तपासणी झाली की नाही ते कळत नाही. हो-नाहीचा रकाना कुठे आहे?’ मी पट्ट्या दाखवल्या. ते म्हणाले, ‘ते ठीक आहे, पण आमच्या फॉर्ममध्ये हे बसत नाही.’ अर्धे गुण कापले गेले. मी निवृत्त झाल्यावर वरून छापील वही आली, गुळगुळीत कागदाची, एकतीस रकान्यांची, आणि प्रत्येक चौकोन एका खुणेपुरता. तिथल्या एका मुलीने मला सांगितलं की ती पट्ट्या अजून काढते. चिकटवायला जागा नाही म्हणून पिनेने टोचते.